पातळ पिशव्यांचं वजन

आमच्या चारुदत्तला काम अंगावर घेण्याची भारी हौस, आणि ते माझ्या अंगावर ढकलण्याची त्याहून जास्त. न्यू टाउनमधल्या आमच्या सोसायटीच्या बैठकीत त्याने उभं राहून जाहीर केलं, की दुधाच्या, पावाच्या, भाजीच्या पातळ पिशव्या यापुढे कचऱ्यात जाणार नाहीत. त्या वितळवून नवीन वस्तू करणाऱ्या कारखान्याची गाडी दर महिन्याला येऊन त्या नेईल. अट एकच. पहिल्या खेपेला वीस किलो स्वच्छ, कोरडं प्लास्टिक तयार हवं, नाहीतर गाडी पुन्हा फिरकणार नाही.

सोसायटीचे सेक्रेटरी सान्यालदा हसले. "दादा, आप तो बैंक का आदमी. मार्च में बदली होके चला जाएगा. उशके बाद ये शब कौन धोएगा?"

सगळे हसले, चारू सोडून. मला त्याचं वाईट वाटलं. लग्नापासून हे आमचं सहावं गाव. आपण निघालो की दारावर दुसऱ्याची पाटी लागते आणि आपण तिथे होतो याची खूणही उरत नाही. एखाद्या गावात तरी आपल्यामागे काही चालू राहावं, एवढंच त्याला हवं होतं. म्हणून चिडत का होईना, मी कामाला लागले.

पिशवी धुवायची, उलटी करून भिंतीच्या फरशीवर चापटून चिकटवायची, सुकली की ती आपोआप गळून पडते. ही माझ्या माहेरची पद्धत. ओट्यामागची भिंत भरली, मग न्हाणीघराची भरली, मग चारूच्या दाढीच्या आरशावरही पाव आणि बिस्किटांची वेष्टनं लागली. बंगाली शेजारणी प्रेमळ, मागितलं की देतात, पण मासळीच्या पिशव्याही देतात. आम्ही शुद्ध शाकाहारी, तरी महिनाभरात कुणाकडे इलिश आणि कुणाकडे कोळंबी शिजली हे मी नुसत्या वासावरून सांगू लागले. आमचा मुलगा अर्णव बंगळूरला शिकायला आहे. त्याची खोली पोत्यांनी छतापर्यंत भरली.

गाडी यायच्या आदल्या संध्याकाळी चारूने विमानाच्या बॅगा तोलायचा काटा काढला. एकेक पोतं अडकवलं. माणसाएवढं पोतं, आणि काटा जागचा हलायला तयार नाही! सगळं मिळून भरलं सतरा किलो. चारूचा चेहरा पाहवेना.

तेवढ्यात सान्यालदा आले. "गाड़ी को मना कर दूँ?" असं विचारत ते सोफ्यावर टेकले. सोफा चर्रर्र वाजला. त्यांनी खाली पाहिलं, बोटाने चाचपलं आणि पोट धरून हसायला लागले. "दादा, शारा पाड़ा का प्लास्टिक जमा करता है, और खुद प्लास्टिक का ऊपर बोशा है!"

खरं होतं. सोफा भोपाळला घेतला तेव्हा चारू म्हणाला होता, "वर्षभरात बदली होईलच, पॅकिंग राहू दे." ते राहिलंच. गाद्यांचं राहिलं, जेवणाच्या खुर्च्यांचं राहिलं. इथल्या आमच्या ओळखीच्या बदलीवाल्या सगळ्या मराठी घरांत हेच. उन्हाळ्यात कुणाकडे बसायला जावं तर उठताना मांड्या तिथेच राहतात की काय असं वाटतं.

मी कात्री आणली.

"अगं, मार्चमध्ये ट्रकमध्ये चढवायचाय! खरचटेल," चारू ओरडला.

"खरचटू दे. निदान वापरल्यासारखा तरी दिसेल."

टरकन फाडलं. इतकी वर्षं ज्याला आम्ही करडा सोफा म्हणत होतो तो चक्क मोरपिशी निघाला. चारू हात फिरवत बघतच राहिला. मग त्यालाच चेव आला आणि त्याने दोन्ही गाद्या सोलल्या. मी शेजारच्या इमारतीतल्या अनुराधाला फोन केला. तिचा नवरा आयकर खात्यात. "अगं, आमची बदलीची ऑर्डर कधीही येईल," ती म्हणाली. "ती गेली चार वर्षं कधीही येतेय," मी म्हटलं. अर्ध्या तासात ती डबलबेडच्या गादीचं पॅकिंग खांद्यावर टाकून हजर. काटा वीसच्या पुढे गेला आणि सान्यालदांनी टाळ्या वाजवल्या.

गाडी आली. पुढच्या महिन्यातही आली. मार्चमध्ये आमची ऑर्डर आली.

सामान बांधायला आलेल्या माणसाने चकचकीत प्लास्टिकचं नवंकोरं भेंडोळं उलगडलं आणि मोरपिशी सोफ्याकडे वळला. चारू हात पसरून आडवा झाला. "खबरदार!" तो चक्क मराठीत गरजला. माणूस गोंधळला. शेवटी शेजारणींनी जुन्या ताँतच्या सुती साड्या आणून दिल्या, आणि लाल काठांत गुंडाळलेला आमचा सोफा नव्या नवरीच्या थाटात ट्रकमध्ये चढला.

खाली उतरलो तर कारखान्याची गाडी आलेली. सान्यालदा काटा धरून उभे, आणि मासळीची पिशवी न धुता आणल्याबद्दल कुणाला तरी झापत होते. आम्ही दोनदा हाक मारली. "दाँड़ान, दाँड़ान, थोड़ा रुकिए, अभी टाइम नहीं," म्हणत त्यांनी मान वर न करताच हात हलवला.

आम्हाला निरोप द्यायला कुणालाही सवड नव्हती. सहा गावं सोडली, पण निघताना चारूला इतकं खूश मी कधीच पाहिलं नव्हतं.