दात्याचा रकाना

"अहो बाई, इथे सही करायची होती. हे काय लिहून ठेवलंत?"

नर्सने फॉर्म पुढे धरला. 'डोनर'समोरच्या रकान्यात ताईने बारीक, सुबक अक्षरात लिहिलं होतं : लॅटिन 'डोनम', म्हणजे भेट, मूळ धातू 'दा'. एकतीस वर्षं शब्दकोशाच्या कचेरीत शब्दांची कार्डं भरण्यात गेलेली. रिकामा रकाना दिसला की तिचा हात ऐकत नसे.

"सवय हो," ती ओशाळून म्हणाली, आणि नव्या फॉर्मवर सही केली.

अडलं होतं ते धाकट्या भावाच्या सहीपाशी. उद्या सकाळी ताईची एक किडनी त्याला बसवायची होती आणि स्वारी ऐन वेळी भिंतीकडे तोंड करून पडली होती.

"मला दान नको," तो म्हणाला. "कुणाचं फुकट घेतलं नाही मी आजवर."

"अरे, शब्दाचं तरी ऐकून घे."

"झालं हिचं सुरू!"

"इंग्रजीत डोनेशन आधी आलं. डोनेट त्यातून कितीतरी मागाहून निघालं. आणखी मागे जा, तर ते, आपलं दान, आपलं देणं, सगळी एकाच घरची. उपकार-बिपकार माणसांनी नंतर चिकटवले. मुळात नुसतं दे. माझ्या ताटातलं उचलून खायचास, तेव्हा विचारलंस का रे, हे दान का म्हणून?"

तो वळला नाही. भिंतीकडूनच आवाज आला, "तुला दुखेल गं."

एवढंच होतं तर त्याच्या पोटात! ताईने पेन त्याच्या हातात दिलं. "दुखू दे. कर सही."

सकाळी भूल चढताना तिला कचेरी दिसली. खणांतली कार्डं अलगद वर तरंगत होती. कुठलं कार्ड कुठल्या भाषेचं, काही कळत नव्हतं आणि जाणून घ्यावंसंही वाटत नव्हतं. ती त्यांच्यामधून अनवाणी चालत राहिली. घाई कसलीच नव्हती.

चौथ्या दिवशी तिला चाकाच्या खुर्चीतून काचेपाशी नेलं. पलीकडे धाकटा उशीला टेकून बसला होता. गेली दोन वर्षं, किडन्या निकामी झाल्यापासून, तो दिवसाचं पाणी मापाने, घोट घोट पीत आला होता. नर्सने काठोकाठ भरलेला ग्लास दिला. त्याने एक घोट घेतला आणि ग्लास खाली ठेवला. नर्स काहीतरी म्हणाली. त्याने नर्सकडे खात्री करून घेतल्यासारखं पाहिलं. मग ग्लास दोन्ही हातांनी उचलला आणि डोळे मिटून, हनुवटीवरून ओघळ येईपर्यंत, सगळं पाणी पिऊन टाकलं.