संशयापलीकडची बाई

निकेआ शहरातल्या धर्मपरिषदेहून बिशप फिलेटस परत आले, तेव्हा सगळं गाव देवाच्या पुत्राविषयी काय ठरलं ते ऐकायला धावलं. डोम्निनाला मात्र त्यात काडीचा रस नव्हता. धर्मगुरूच्या घरात आई, बहीण, मावशी-आत्या सोडून परकी बाई ठेवायची नाही, असाही नियम झालाय म्हणे, असं शेजारणीने विहिरीवर सांगितलं होतं आणि तेव्हापासून आशेने तिची झोप उडाली होती.

परकी बाई तिच्या घरात वर्षभर होती. अम्मिया, आजन्म कुमारी राहायचं व्रत घेतलेली. आईबाप वारले म्हणून डोम्निनाच्या नवऱ्याने, धर्मगुरू झोटिकसने, तिला आसरा दिला होता. दोघांच्या वागण्यात खोट काढायला जागा नव्हती, आणि हेच डोम्निनाला जास्त झोंबायचं. ती तान्ह्या लेकीला पाजत मसूर निवडायची. भिंतीपलीकडे ती दोघं पिता आणि पुत्र एकाच तत्त्वाचे कसे, यावर तासन्‌तास बोलायची. तेव्हा झोटिकसचा आवाज कसा खुलायचा! जेवायला बसला की तिच्याशी मिठापुरतं बोलणं.

रविवारी प्रार्थनेनंतर बिशपांनी नियम वाचला. आई, बहीण, मावशी-आत्या. डोम्निना मनात हसली. पण वाक्य तिथे संपलं नव्हतं. ‘किंवा जिच्याविषयी तिळमात्र संशय नाही, अशी स्त्री.’

अम्मिया झोटिकसच्या घरी राहते, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. बिशप डोम्निनाकडे वळले.

“मुली, घर तुझं. तुला काही संशय आहे का?”

एका शब्दाचं काम होतं. पण संशय आला की तो नवऱ्यालाही चिकटणार, आणि मग त्याला वेदीपाशी कोण उभं करणार? शिवाय ते खोटंही झालं असतं.

“नाही,” ती म्हणाली. मग घाईने, “पण बाबा, ती आमची ना बहीण, ना मावशी. तेवढं पुरे नाही का?”

“बायकोनेच साक्ष दिल्यावर आणखी काय हवं?” बिशप हसले. “राहू दे तिला.”

घरी आल्यावर झोटिकसने तिचा हात धरला. कितीतरी महिन्यांनी. “डोम्निना, तू आज...” तो थांबला. ती वाट बघत राहिली.

“अम्मिया घाबरली असेल गं. बघून येतो जरा.”

डोम्निना लेकीला घेऊन भिंतीला टेकून बसली. पलीकडे तिचंच कौतुक चाललं होतं, किती मोठ्या मनाची म्हणून. झोटिकसचा आवाज छान खुलला होता.