न सांगितलेली ओळ

करड्या समुद्रावरून करडा वारा येत होता. बर्फाखाली निजलेल्या शेतांवरून, पाइनच्या कृष्णवर्णी अरण्यावरून, धुरकटलेल्या छपरांवरून तो हिमशीतल हात फिरवीत होता. न्यू इंग्लंडच्या किनाऱ्यावरचं ते चिमुकलं हेलिफोर्ड गाव. ईश्वराचं नगर वसवायला आलेल्यांनी वसवलेलं, आणि ईश्वराहून अरण्यालाच अधिक भ्यालेलं.

भय तिथे सर्वव्यापी होतं. अरण्यातल्या ज्या मूळ रहिवाशांची भूमी हिरावली त्यांच्या सूडाचं भय. गेल्या हिवाळ्यात नऊ पाळणे रिते करून गेलेल्या देवीच्या रोगाचं भय. रविवारी व्यासपीठावरून धगधगणाऱ्या नरकाग्नीचं भय. हसणं पाप, नाचणं पाप. कोवळ्या मुलींच्या देहांत कोंडलेलं बालपण वाट शोधत होतं. भयाला फक्त चेहरा नव्हता.

ऊब एकच होती, गाण्याची. प्रार्थनाघरात स्तोत्रांची पुस्तकं दोन-तीनच, वाचता येणारेही थोडे. म्हणून प्रार्थनाघराचे सेवक, वृद्ध डीकन एल्नाथन रीव्ह उभे राहत, एक ओळ वाचत, आणि सारी मंडळी ती ओळ गात. मग पुढची, मग त्यापुढची. सांगण्याआधी गायचं नाही, असा रिवाज. जणू देव घासाघासाने भरवत होता.

विधवा डॉर्कस पेन्रिड शेवटच्या बाकावर बसे. निरक्षर, निपुत्रिक, ओढ्याकाठच्या काळ्याभोर जमिनीची एकटी धनीण. गाण्यावाटे देव आत उतरतो, हे तिला कुणी शिकवावं लागलं नव्हतं. गाताना तिचा सुरकुतलेला चेहरा दिव्यासारखा उजळे.

त्या रविवारी एल्नाथनना खोकल्याची उबळ आली. ओळ संपली, पुढची येईना. स्तब्धता लांबली, थिजली. आणि त्या हिमस्तब्धतेत डॉर्कसचा कंठ आपसूक पुढे गेला. न सांगितलेली ओळ ती गाऊन गेली. अचूक, भावव्याकूळ, एकटी.

पुढच्या बाकावर बारा वर्षांची टेम्परन्स किंचाळली, धनुष्यासारखी वाकली, कोसळली. मग तिची मैत्रीण. मग आणखी एक.

विहिरीवर बायका कुजबुजल्या.

"अक्षर येत नाही, पुस्तक नाही. मग ओळ कळली कुठून गं तिला?"

"असेल की कुणी कानात सांगणारा. काळ्या कोटातला."

"तरीच. उन्हाळ्यात सगळ्यांची शेतं करपली, हिचंच तेवढं हिरवं राहिलं."

भयाला चेहरा मिळाला होता.

सोमवारी तिला चेटकीण म्हणून धरलं. मंगळवारी प्रार्थनाघरातच न्यायसभा भरली.

"ती ओळ तुला सांगितली कोणी?" न्यायाधीशांनी विचारलं.

"एल्नाथनबंधूंनीच," डॉर्कस म्हणाली, आणि जराशी हसलीही. "तीस वर्षं सांगतायत, साहेब. दगडालासुद्धा पाठ झाली असती."

साऱ्या माना एल्नाथनकडे वळल्या. त्यांना ठाऊक होतं. ओल्या मातीत बी रुजावं तशी स्तोत्रं या बाईत रुजताना त्यांनी पाहिली होती. तेवढं सांगितलं असतं, तर ती वाचली असती. पण मुलींच्या बाकावर टेम्परन्सचं बोट हळूहळू उचललं जात होतं. अडखळत, त्यांच्याच दिशेने. ते ज्याच्यावर रोखलं जाईल, तोही सैतानाचा ठरणार होता.

"मी एका वेळी एकच ओळ सांगतो," एल्नाथन म्हणाले. "पुढची आधी कुणालाच सांगत नाही."

वाक्य खरं होतं. शब्द न् शब्द खरा होता. बोट खाली आलं.

"सैतानाने शिकवली म्हण," न्यायाधीश म्हणाले. "कबूल कर, जीव वाचेल."

"देवाचं गाणं त्याच्या नावावर करू?" डॉर्कस म्हणाली. "एवढं नका सांगू मला."

बुधवारी, पांढुरक्या सकाळी, टेकडीवरच्या ओकच्या झाडाला तिला फाशी दिलं. मंडळी घरी परतली, दारांना अडसर लागले. मुली त्या दुपारीही किंचाळल्या.

सांजावताना ओढ्याकाठच्या ओस अंगणात डॉर्कसची गाय हंबरू लागली. तीन दिवस कुणी धार काढली नव्हती. घरोघरी लेकरं भुकेली होती, तरी त्या कुंपणाच्या आत पाऊल टाकायला कुणी धजेना. एल्नाथन बादली घेऊन निघाले. कुंपणाशी आले. वळून पाहिलं, तर खिडकीखिडकीत माणसं उभी. ते रिकामी बादली घेऊन तसेच माघारी फिरले.

गाय हंबरत राहिली. तटतटलेल्या आचळांतून दूध आपोआप ठिबकत राहिलं. शुभ्रावर शुभ्र, बर्फात बर्फ होत, कुणाच्याही ओठी न लागता.