मास्तर खाली, गाडी पुढे

मास्तर म्हणजे शाळेतल्या नव्हेत, बसमधल्या. बाई कंडक्टर. आख्खी नोकरी एकाच बसमध्ये काढली आणि त्याच बसच्या पायलटशी, म्हणजे ड्रायव्हरशी, संसार केला. आधी लग्न झालं की आधी बस मिळाली, यावर घरात अजून एकमत नाही. घरात ती त्याला ‘अहो’ म्हणे आणि तो तिला ‘अगं’. पण दोघांपैकी एकाचंही डोकं फिरलं की लगेच ‘पायलट’ आणि ‘मास्तर’ सुरू.

नोकरीभर दोघं बोलली ती घंटीतून. एक मारली की थांबायचं, दोन मारल्या की सोडायचं. पायलट कधी मागे वळून बघत नसे. डबल घंटी आली म्हणजे शेवटचा माणूस चढला, दार लागलं आणि मास्तर स्वतः आत आहेत. आपला पाय फूटबोर्डवर पडल्याशिवाय डबल घंटी मारायची नाही, हा मास्तरांचा धर्म होता. शहराबाहेरच्या चढावर ती बस एकदा डिझेल संपलेलं असताना नुसत्या डबल घंटीवर वर गेली, असं पायलट सांगतो. ऐकणाऱ्याने त्यात फार तर डिझेलापुरती शंका घ्यावी.

अशा या मास्तर स्वयंपाकघरातल्या स्टुलावरून पडल्या. वरच्या फळीवरचा डबा आधी आला, मागोमाग मास्तर आल्या. डब्याला पोचा आला आणि मास्तरांचा खुबा मोडला. ऑपरेशन होऊन नवा खुबा बसला, पण त्यांचं घर तिसऱ्या मजल्यावर, आणि लिफ्ट नाही. म्हणून दोघांचा मुक्काम लेकीकडे, तळमजल्यावर. लेक गुणाची, जावई तिच्याहून गुणाचा. पण पाहुणचाराचीही एक हद्द असते. तिथे चहा दुसऱ्याच्या चवीचा, खिडकी दुसऱ्याच्या बाजूला. मास्तरांना आपलं घर हवं होतं. लेकीने अट घातली होती, “आई, पायरी चढून दाखव, त्याच दिवशी घरी सोडते.”

व्यायाम शिकवायला येणारी पोरगी रोज घोकून घ्यायची, “आजी, चढताना शहाणा पाय आधी, उतरताना खोडकर पाय आधी!” खोडकर म्हणजे ऑपरेशनचा. मास्तर मान डोलवायच्या, काठी टेकत पायरीपाशी जायच्या आणि म्हणायच्या, “आज दुखतंय गं.” दुखत काही नव्हतं. भीती वाटत होती. जन्मभर फूटबोर्डवर उडी मारून चढलेली बाई अंगणातल्या वीतभर पायरीला घाबरते, हे सांगायचं कोणत्या तोंडाने?

आणि मध्येच जावयाच्या ऑफिसने सगळ्यांना घरच्यांसकट थीम पार्कला नेलं.

दारातच जावयाने भाड्याने आणलेली चाकाची खुर्ची डिकीतून उतरवली. पायलटने तिला आधी एक प्रदक्षिणा घातली, चाकांवर लाथा मारून हवा तपासली आणि मगच मास्तरांना बसवलं. मग जे काही चालवलं! वळणावर हात बाहेर. उतारावर ब्रेकवर ब्रेक. समोरून पोरांचा घोळका आला की तोंडाने हॉर्न. मास्तरांच्या पर्समध्ये त्यांचा जुना तिकीट पंच असायचा. तो काढून त्या खुर्चीच्या दांडीवर वाजवू लागल्या. टक, थांब. टक टक, चल.

प्रत्येक पाळण्यापाशी पाटी होती: हृदयविकार असलेले, गरोदर स्त्रिया आणि नुकतंच ऑपरेशन झालेले यांनी बसू नये.

“बघा,” मास्तर म्हणाल्या, “जागोजागी माझ्याच नावाची पाटी. मंत्री आला तरी एवढ्या लावत नाहीत.”

“तुला त्या उलट्या फिरणाऱ्या गाडीत बसायचंय का?”

“मला कशातच बसायचं नाहीये. पण ‘बसू नका’ म्हटलं की बसावंसं वाटतं.”

लेक आणि जावई पाण्याच्या घसरगुंडीकडे गेले. इकडे पायलटला खुर्ची मागे घ्यायची होती. आता बस मागे घेताना ‘येऊ दे, येऊ दे, बास!’ म्हणायचं काम कंडक्टरचं. पण कंडक्टर बसलेला पुढे, तोंड करून उलटीकडे. तरी मास्तरांनी अंदाजाने “येऊ दे” म्हटलं. पायलटने येऊ दिलं. मागे अस्वल होतं. म्हणजे अस्वलाच्या सोंगात घामाघूम झालेला माणूस.

“आई गं!” अस्वल म्हणालं आणि पोटरी धरून बाकावर बसलं.

“‘बास’ कुठे म्हणालीस?”

“मला पाठीला डोळे आहेत का? सोंगात तो आहे, मी नाही!”

अस्वलाची माफी मागून दोघं पुढे सरकली ती छोट्या आगगाडीच्या फलाटाशी. तिथे पाटी नव्हती. टेकडीला वळसा घालून येणारी, बैलगाडीच्या वेगाची गाडी. फलाटावर खांबाला पितळी घंटा, आणि ती वाजवणारा गडी चहाला गेलेला. त्यामुळे जो तो चढतोय, जो तो उतरतोय, एका आजोबांची चप्पल एका बाईच्या पिशवीत. मास्तरांच्याने बघवेना.

“ओ, दारात कशाला उभे? पुढे सरका! मागचा डबा रिकामा आहे, सगळ्यांना पहिल्यातच बसायचंय का? तुम्ही पिशवी मांडीवर घ्या, तिचं वेगळं तिकीट काढलंय का?”

डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच रांग सरळ झाली. पंच हातात असला की त्या आवाजापुढे कोणी बोलत नसे.

पायलट म्हणाला, “मी जरा आत बसून बघतो. सीट फार खाली असेल तर तुला डॉक्टरने मनाई केलीय.” तो शेवटच्या डब्यात चढला आणि सीटवर बसून हिंदकळून बघू लागला. सीट चांगली उंच निघाली.

मास्तरांनी नजर फिरवली. सगळे बसलेले. दारं लागलेली. फलाट मोकळा. आणि हाताला सवय ती! खुर्ची खांबाला लागूनच होती. पंच उठला आणि घंटेवर आदळला. टण टण.

गाडी सुटली.

“मास्तर! अगं मास्तर!” खिडकीतून पायलटचं डोकं बाहेर आलं आणि डोंगराआड गेलं. जन्मात कधी उतारू म्हणून न बसलेला माणूस. उजव्या पायाने नसलेला ब्रेक दाबत असावा, असं ते दृश्य होतं. मास्तरांनी आधी जीभ चावली आणि मग त्यांना असं हसू फुटलं की डोळ्यांना पदर लावावा लागला. त्या हसण्यात गाडी परत आली. फलाटावरून एक घंटी मिळाली तर थांबायचं, नाही तर दुसरा फेरा मारायचा, असा इंजिनवाल्याचा नियम. घंटी मिळाली नाही. पायलट पुन्हा डोंगराआड गेला.

तिसऱ्या वेळी तो कमरेपर्यंत बाहेर आला होता. “एक मार! एक! मास्तर, एक!”

मास्तरांनी एक मारली. गाडी थांबली. पोरं उतरली, नवी माणसं चढली. पायलट हलला नाही.

“उतरा की आता.”

“उतरत नाही. सबंध नोकरीत मी एकदा तरी तुला स्टॉपवर सोडून गेलो? पाऊस असो, दंगल असो? आणि आज तू मला सोडलंस!”

“अहो, हात गेला.”

“मग हातालाच सांग मला उतरवायला.” एवढं बोलून त्याने तोंड पुढे केलं आणि हाताची घडी घातली. म्हणजे कोपलाच.

आता मास्तरांची पंचाईत झाली. आपण खाली राहून डबल घंटी मारायची नाही, हा धर्म आत्ताच एकदा बुडवून झाला होता. आणि समोर तो फूटबोर्ड. लेकीच्या अंगणातल्या पायरीएवढाच उंच, वर लोखंडी दांडी.

“ओ बाई,” डब्यातून कोणीतरी ओरडलं, “गाडी सोडता का आज? पोर रडतंय!”

“कंडक्टर चढल्याशिवाय गाडी सुटत नसते!” मास्तर उलट ओरडल्या, आणि आपण काय बोललो ते त्यांना नंतर कळलं.

त्या उठल्या. काठी टेकली. दांडी धरली, तळहाताला ओळखीचा गारवा लागला. ‘शहाणा पाय आधी,’ त्या पुटपुटल्या आणि पायांकडे बघून म्हणाल्या, “तुमच्यातला शहाणा कोण, ते ठरवा लवकर.” शहाणा वर गेला. आता खोडकर एकटा खाली. पायलटने मागे वळून बघितलं नाही. हातही दिला नाही. तो नुसता कान देऊन बसला होता, चढावर बसायचा तसा. मास्तरांनी खोडकर पाय ओढून वर घेतला, श्वास सोडला, आणि डब्याच्या पत्र्यावर पंच मारला.

टक टक.

“आली का?” पायलटने पुढेच बघत विचारलं.

“घंटी ऐकलीत ना? मग?”

घसरगुंडीवरून निथळत लेक आणि जावई आले, तेव्हा चाकाच्या खुर्चीत अस्वल बसलं होतं, पोटरी चोळत.

“आई कुठेय?” लेक किंचाळली.

अस्वलाने पंजा वर करून डोंगराकडे दाखवलं. तिथून गाडी येत होती आणि फूटबोर्डलगतच्या सीटवर, पंच उंच धरून, “पुढे सरका” असं मास्तर ओरडत होत्या. त्यांना उतरवायला पाच फेरे लागले. खरं तर खोडकर पाय कुठला ते विसरायला झालं होतं, पण त्यांनी ‘मजा येतेय’ असं सांगितलं.

त्याच संध्याकाळी जावयाची गाडी तिसऱ्या मजल्याच्या घराखाली थांबली. “एक पायरी म्हणजे तीन मजले नव्हेत,” लेक म्हणत होती. पण शब्द तिचाच होता. तिने खुर्ची परत डिकीत ठेवली आणि “मला बघवणार नाही” म्हणून डोळे मिटून गाडीतच बसली.

पडलीच तर धरायला कोणीतरी मागे हवं, म्हणून जिन्यात मास्तर पुढे आणि पायलट मागे. त्याने हात पुढे केला. मास्तरांनी त्यात पंच दिला. पायलटने तो कठड्यावर मारला. टक टक. उभ्या जन्मात पहिल्यांदा घंटी त्याची होती.

“एवढ्या जोरात नसते मारायची,” मास्तर म्हणाल्या आणि शहाणा पाय वर ठेवला.

प्रत्येक वळणावर एक घंटी, दम खायला, मग दोन. शेजारपाजारची दारं उघडली, मिटली. वर पोचल्यावर मास्तरांनी आपल्या दाराला पाठ टेकली. तोंडावरचा तोरा असा, की जणू जिना त्यांनीच बांधलाय.

“उघडा आता.”

“चावी?”

“चावी माझ्या पर्समध्ये.”

“आणि पर्स?”

पर्स खुर्चीच्या खिशात. खुर्ची गाडीच्या डिकीत. गाडी खाली.

पायलटने वळून जिन्याकडे बघितलं. मास्तरांनी त्याच्या हातातून पंच काढून घेतला आणि दाराच्या कडीवर शांतपणे मारला.

टक टक.

पायलट निघाला.