नाव सांग आधी

मेघनाने पोटाची चिमटीत धरलेली कातडी सोडली, इन्सुलिनच्या पेनला टोपण लावलं आणि वेदांगला घ्यायला हात पुढे केले. आजेसासूबाईंनी बाळ दिलं नाही.

"नाव सांग आधी," सत्यभामाआजी म्हणाल्या.

"आजी, रोज काय हे?"

"तुझं सांग. मग याचं."

गरोदरपणात चढलेली साखर बाळंतपणानंतरही उतरली नव्हती, म्हणून हे इंजेक्शन. ते घेतलं की आजी साखरपाण्याचा पेला घेऊन तिच्याजवळ येऊन बसायच्या. साखरेच्या पेशंटपुढे साखरपाणी! तिचा नवरा अनुपम हसण्यावारी न्यायचा. "छोड ना यार, अस्सी पार झाली ती." मेघनाला हसू येत नव्हतं. सोमवारी तिची रजा संपत होती. ती सिविल लाइन्सच्या कॉलेजात, सासरे अधारतालच्या दुकानात, आणि वेदांग दिवसभर आजींजवळ. ज्यांना समोरच्या माणसाचं नाव रोज विचारावं लागतं, त्यांच्याजवळ. या घरातलं सगळंच तिला थोडं विचित्र वाटे. सासरेसुद्धा आपल्या आईला 'काकू' म्हणत. पण मोठ्या कुटुंबांत तसं असतंच. आज अनुपमला सांगायचं, बाळासाठी बाई ठेवू.

"मेघना. वेदांग. झालं? द्या आता."

ताट वाढलेलं होतं, पण वेदांग भुकेने किंचाळत होता. ती त्याला पाजायला बसली. पोळ्या गार झाल्या. मग कपाळावर घाम आला, बोटं थरथरू लागली. हाक मारावी तर जीभ जड. बाळ मांडीवरून घसरतंय, एवढं तिला कळलं. मग कुणीतरी ते उचललं. मांडी रिकामी झाली.

"नको... त्याला..."

ओठांना पेला लागला. "गीळ. घाई नको करू."

हळूहळू खोली जागेवर आली. वेदांग दोन उशांच्या मध्ये सुखरूप होता. पेला धरलेला म्हातारा हात मुळीच हलत नव्हता.

"नाव?"

"मेघना."

"याचं?"

"वेदांग."

आजी तिच्याजवळ बसल्या. "माझ्या तोंडात आलं नव्हतं."

"काय?"

"पुंडलिकाचं नाव. तुझ्या सासऱ्याचं. तो झाला अन् माझं रडू थांबेना. दवाखान्यात ठेवलं. उदासीवर तेव्हा हेच इन्सुलिन देत. सुई, मग मेल्यासारखी झोप, मग नाकातल्या नळीनं साखरपाणी घालून उठवत. एकदा त्याला माझ्या भेटीला आणलं. मी म्हटलं, कोणाचं आहे हे?" त्यांनी पेला पदराने पुसला. "जाऊबाई घेऊन गेल्या त्याला. त्यांनीच वाढवला."

"आजी, माझं हे साखरेवरचं आहे. उदासीवरचं नाही."

"मग नळ सोडून न्हाणीत काहून रडून राहते तू?"

मेघनाने ताट जवळ ओढलं, पण घास उचलला नाही.

बाहेर चपला काढल्याचा आवाज आला. सासरे जेवायला आले होते. "काकू, आहेस का गं?"

"आहे रे," आजी म्हणाल्या. आवाज नेहमीसारखाच.

मेघना दाराकडे बघत राहिली. मग तिने वेदांगला उचलून आजींच्या मांडीवर ठेवलं.

"उद्या माझ्यासोबत डॉक्टरांकडे याल? रडण्याचं सांगायचंय."

आजींचा हात बाळावर घट्ट झाला. "सुई देतील."

"आता तसं नाही देत." मेघनाने घास मोडला. "अन् दिलीच, तर तुम्ही असालच ना. नाव विचारायला."