धाकटीचे ब्रेक

माझी बायको या घरातली थोरली. धाकटी म्हणजे सासऱ्यांची जुनी गाडी. थोरलीची पाठवणी करताना बाबांच्या डोळ्यांत टिपूस आलं नव्हतं. धाकटीच्या बॉनेटवर कुणी पिशवी ठेवली की लगेच येतं. मी पडलो जावई, म्हणजे घरात मान भरपूर आणि मताला किंमत शून्य. त्यामुळे भंगाराच्या यार्डात सोबत न्यायला माझ्याइतका सोयीचा माणूस दुसरा नव्हता.

झालं असं, की डेंटिस्टकडून परतताना उतारावर धाकटीचा ब्रेक गेला. मागच्या चाकातला ब्रेकचा लोखंडी ड्रम तडकला, गाडी वाळूच्या ढिगात घुसली आणि ॲक्सल वाकला. दैव बलवत्तर म्हणून कुणाला खरचटलंही नाही. सासूबाई खाली उतरल्या, अंगावरची वाळू झटकली आणि चालत घरी आल्या. तेव्हापासून त्या गाडीत बसायला तयार नव्हत्या. भांडण नाही, अबोला नाही, नुसतं बसायचं नाही. बाबांनी धाकटी त्यांच्याशिवाय कधी चालवलेली नव्हती.

"ती शेजारी नसेल तर मी काय रिकामी सीट फिरवू?" बाबा मला म्हणाले. एरवी माझ्यावर खेकसणारा हा माणूस इतका केविलवाणा दिसला, की मी मुकाट्याने चप्पल पायात सरकवली.

गाडी बनवणारी कंपनी केव्हाच बंद पडलेली, त्यामुळे सगळी मदार भंगारावर. ॲक्सल तसा लवकर मिळाला. बाबांनी तो यार्डवाल्याच्या टेबलाच्या काचेवर लोळवला, एक डोळा मिटून खालची फट पाहिली आणि म्हणाले, "सरळ आहे." खरोखरच सरळ निघाला. घोडं अडलं ते ड्रमपाशी. ड्रम पारखायची त्यांची रीत ठरलेली. दोरीला टांगायचा आणि पान्याने एक टोला द्यायचा. धड असला तर घंटेसारखा घुमतो, चीर असली तर नुसताच भद्द वाजतो. बाबा टोला हाणायचे आणि डोळे मिटून मान डोलवायचे.

"ऐकलंत जावईबापू? घंटा!"

मला भद्दच ऐकू यायचं. पण वाटायचं, गाड्यांच्या दुनियेत घंटा अशीच वाजत असेल.

असे तीन ड्रम घरी आले, आतून तासून घ्यायला लेथवाल्याकडे गेले आणि त्याने तिन्ही माघारी धाडले. तिन्हींत चीर. शेवटच्या वेळी त्याने मला बाजूला घेतलं. "साहेब, राग मानू नका. हे कुणालाही नुसत्या आवाजावरून कळेल. तुमच्या सासऱ्यांना ऐकू येतं ना?"

घरी येऊन मी स्वयंपाकघर गाठलं आणि सासूबाईंना सगळं सांगितलं. त्या वाटाणे सोलत होत्या. हात काही थांबले नाहीत.

"मला माहीत नसेल का? एवढा संसार केलाय मी त्यांच्याशी," त्या म्हणाल्या. "समोरचं बोलणं कळतं त्यांना, बाकीचे आवाज निसटतात. त्या दिवशी उतारावर दोनदा सांगितलं, मागून काहीतरी घासतंय. तर म्हणे, तुला भास होतात. अहो, ब्रेक काय, कुणाचाही जातो. पण मी सांगतेय ते खोटं म्हणणाऱ्या माणसाशेजारी बसायचं तरी कसं?"

"मग आई, तुम्ही त्यांना स्पष्ट सांगत का नाही?"

"काय सांगू? बहिरे झालात म्हणून? ते त्यांच्या तोंडून येऊ दे." वाटाण्यांचं भांडं त्यांनी बाजूला सारलं. "यार्डात पुढच्या खेपेला मीही येते."

बाबांना वाटलं, सूर्य पश्चिमेला उगवला. यार्डात त्यांनी कुठल्याशा गाडीची सीट ओढून आणली, रुमालाने झटकली आणि आईंना तिच्यावर बसवलं. मग ड्रम टांगून टोला दिला.

"घंटा!"

"भद्द," आई म्हणाल्या.

"तुला ड्रममधलं काय कळतं?"

"ड्रममधलं काही नाही. कान आहेत मला."

बाबांचे गाल लाल झाले. यार्डवाला एकाएकी नटबोल्ट निवडू लागला, मीही त्याच्या मदतीला धावलो. बाबांनी दुसरा ड्रम टांगला. आईंनी मान हलवली. तिसऱ्यालाही तेच. चौथ्यावर टोला पडला आणि सगळ्या पत्र्यांवरून एक लांब, गोड नाद फिरला. अच्छा, घंटा ही असते तर!

या वेळी बाबांनी मान डोलवली नाही. ते ड्रमकडे बघतही नव्हते. त्यांनी आईंकडे पाहिलं.

"वाजतोय?" त्यांनी हळूच विचारलं.

"वाजतोय."

"अजून?"

"अजून वाजतोय हो."

बाबा पाना हातात धरून तसेच उभे राहिले. "मला नाही गं ऐकू येत," ते म्हणाले. "त्या दिवशीही नव्हतं आलं."

आईंनी यार्डवाल्याला तो ड्रम बांधून द्यायला सांगितला. मला मात्र डोळे पुसायला रुमाल शोधावा लागला. तो बाबांनी सीट पुसायला नेला होता.

ड्रम लेथवर चढला आणि एकदाचा पास झाला. मिस्त्रीने ॲक्सल बसवला, ब्रेक जुळवले. बाबांनी रिकाम्या रस्त्यावर धाकटीला पुन्हा पुन्हा थांबवून पाहिलं आणि मग ती दारात आणून उभी केली. आई पायरीवर उभ्या होत्या. बाबांनी हॉर्न दिला नाही. खिडकीची काच खाली केली.

"काही घासलं, वाजलं, तर सांगशील?" त्यांनी विचारलं. "तू म्हणशील तिथे थांबवेन."

आई गाडीला वळसा घालून गेल्या आणि दार उघडून त्यांच्या शेजारी बसल्या.