हिरव्या डोळ्यांची चेटकीण

करून पाहा

चेटकिणीच्या पाठीवर, झग्याखाली, बटण आहे. ते सरकवलं की चालू, बंद, आणि मध्ये 'करून पाहा'. दुकानात ती त्या मधल्या जागी असते. पंजा दाबला की डोळे हिरवे होतात, ती खदाखदा हसते आणि गप्प होते. क्लाइडने तो पंजा इतक्या वेळा दाबला की गल्ल्यावरची मुलगी म्हणाली, "घेऊन जा आजोबा, तिचंही मन बसलंय तुमच्यावर."

"आणखी एक?" मी म्हणाले. "यंदा हॅलोविनला अंगणात गवत दिसेल का?"

"गवत वर्षभर बघतेसच की, नोरीन."

चालू

गावचा भोंगा सहाला वाजला आणि सोंगं घेतलेली पोरं दारोदार खाऊ मागायला सुटली. आठला पुन्हा वाजेल, मग दारावरचे दिवे मालवायचे, म्हणजे खाऊ संपला. आमच्या ओहायोतल्या या गावात हे असंच चालतं.

मी दारापुढच्या पायरीवर खुर्ची टाकून बसले आहे. मांडीवर चॉकलेटांचं पातेलं. शेजारची पॉलेट तिचं पातेलं घेऊन इकडेच आली आहे. अंगणात खोट्या थडग्यांवर जांभळा उजेड. कवटीत मेणबत्तीसारखा थरथरणारा बल्ब. झाडावर झपझप चमकणारा पांढरा दिवा, त्यात पोरं तुकड्यातुकड्यांनी चालताना दिसतात.

"नवरा कुठाय?" पॉलेट विचारते.

"रुसलाय."

पन्हाळीला कोळी टांगायला त्याला शिडी हवी होती. मी म्हटलं, सत्तरी उलटली, आता पुरे. "मग मलाही एका थडग्याखाली मांडून ठेव," असं म्हणून तो मागे गेला. रुसला की गॅरेजमध्ये रेडिओ लावून बसतो. बसू दे.

घराच्या कडेला हिरवं. खदाखदा.

"ही कुणाला बघून हसतेय?"

"तिला कचऱ्याच्या डब्यांपाशी उभी केलीय शहाण्यानं. तिथं जातंय कोण?"

"मग पेटते कशी?"

"समोर काही हललं की पेटते. अगदी जवळ हललं तरच, असं खोक्यावर लिहिलंय."

"वारा असेल."

एक इवलासा अंतराळवीर पायरी चढून येतो.

"काय म्हणायचं असतं, राजा?"

"खाऊ नाहीतर खोडी," तो माझ्या चपलांना सांगतो. त्याची आई मागून म्हणते, "तुमच्याकडे यंदा थडगी अगदी"

हिरवं. खदाखदा.

"अगदी खरी वाटतात हो."

हिरवं. खदाखदा. हिरवं.

"मोठी पोरं असणार," पॉलेट म्हणते. "सोंग न घेता नुसती पिशवी भरायला येतात ना, ती. दडून बसलीत तिकडे."

माझा गुडघा धड नाही. मी बसल्या जागेवरूनच ओरडते, "पुरे आता. मुकाट्यानं घरी जा."

लगेच हिरवं. लगेच हसू.

"उलट उत्तर देतात बघ," पॉलेट म्हणते.

मग बराच वेळ काहीच नाही.

"गेली एकदाची," मी म्हणते.

बंद

भोंगा. मी दाराशेजारचं बटण खाली करते. थडगी, कवटी, झाड, सगळं विझतं. चेटकीण तेवढी सेलवर चालते. कडेला अजून एकदा हिरवं होतं, मंद.

"तिला झोपवून येते."

मी भिंतीला धरून तिच्या पाठीमागून जाते. झग्याखाली हात घालून बटण सरकवते. हसू अर्ध्यात तुटतं.

शांत.

त्या शांततेत कोणीतरी श्वास घेतंय. फाटक्या भात्यासारखा. आणि जमिनीवरून, माझ्या घोट्यापाशी,

"नोरीन."

माझ्याकडे दुसरा दिवा नाही. बटण पुन्हा सरकवते.

हिरवं.

शिडी आडवी. शिडीखाली क्लाइड. एक पाय नको तिकडे वळलेला. तोंड हिरवं, दात हिरवे, आणि एक हात वर, चेटकिणीसमोर, बोटं हलवणारा.

खदाखदा.

मी पॉलेटला हाक मारते. माझी हाक मलाच ऐकू येत नाही. पुन्हा मारते. चेटकीण मोठ्यानं हसते आहे, माझ्या आवाजावर, त्याच्या आवाजावर. मला कळतं. तो उजेडासाठी हात हलवत होता आणि प्रत्येक उजेडाबरोबर त्याची हाक बुडत होती.

मी तिला लाथ घालते. ती आडवी पडूनही हसते.

ॲम्ब्युलन्स वळणावर येते, तांबड्या दिव्यांची. घरी परतणारी तीन-चार पोरं कुंपणापाशी थांबतात. एकजण टाळ्या वाजवतो.

"खुबा मोडलाय," ॲम्ब्युलन्सवाली सांगते. "गारठलेत फार. किती वेळ पडलेत?"

मी आणि पॉलेट एकमेकींकडे बघतो. पहिल्या भोंग्याच्या आवाजात शिडी पडली असणार. आम्हाला काहीच ऐकू आलं नव्हतं.

"बोलताहेत का?" ती पुन्हा विचारते.

क्लाइडचे ओठ हलतात. मी स्ट्रेचरवर वाकते.

"तू म्हणालीस, घरी जा."

"क्लाइड."

"प्रयत्न केला मी," तो म्हणतो.